लिब्राडाचा तवा आणि माझं फिरतं डोकं

मी एक जुना टरेट प्रेस आहे. अंग ओतीव लोखंडाचं, रंग हिरवा, आणि मित्रांनो, माझं डोकं फिरतं. रागानं नव्हे, ते फिरावं म्हणूनच बनवलेलं आहे. पण आज ते आनंदानं फिरतंय. आमच्या घरानं ज्या गोष्टीची वर्षानुवर्षं वाट पाहिली ती अखेर घडली, आणि ती सांगितल्यावाचून मला चैन पडणार नाही. शेजारच्या पान्याला आणि तेलाच्या बुधलीला सांगून झालं. आता तुम्ही ऐका.

आधी माझं काम सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. बंदुकीच्या काडतुसात चार गोष्टी असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी इवलीशी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की टोपी आणि दारू संपते, गोळी लांब निघून जाते, पण पुंगळी मागे राहते. जराशी फुगलेली, काळवंडलेली, तरी पुन्हा कामाला येईल अशी. ती पुन्हा भरणं हे माझं काम. माझ्या गोल डोक्याला सहा भोकं आहेत आणि भोकात वेगवेगळे साचे. पुंगळी खाली एका जागी उभी राहते, फिरतं ते माझं डोकं. दांडा ओढला की पहिला साचा फुगलेल्या पुंगळीला आवळून मूळ मापावर आणतो आणि जळालेली टोपी बाहेर ढकलतो. दांडा सोडताना नवी टोपी बसते. डोकं फिरवलं की वरच्या मापट्यातून, म्हणजे दारू साठवून मोजून सोडणाऱ्या नळकांड्यातून, दारू पडते. पुन्हा फिरवलं की गोळी बसते. टक्, फिर, टक्. या आवाजानं मला अजूनही गुदगुल्या होतात.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका फाउंड्रीत झाला. ओल्या वाळूत माझ्या आकाराचा खळगा केला होता. त्यात पांढरंशुभ्र तापलेलं लोखंड धो धो ओतलं आणि मी झालो. निवल्यावर माझ्या अंगावरची वाळू झटकली, भोकं यंत्रावर नेमकी कापली, हिरवा रंग फासला. तपासणाऱ्या बाईनं माझा दांडा वरखाली केला आणि म्हणाली, "हा पडला तर फरशी फुटेल, याला काही व्हायचं नाही." ही माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी.

मला विकत घेतलं फिदेन्सिओ आर्चुलेतानं. न्यू मेक्सिकोच्या उत्तरेला, डोंगराच्या कुशीत आग्वा मान्सा नावाचं गाव आहे, तिथला तो पवनचक्क्या दुरुस्त करणारा माणूस. दुकानात त्यानं माझी किंमत विचारण्याआधी दांडा ओढून पाहिला आणि म्हणाला, "याचा आवाज चांगला आहे." घरामागच्या शेडमध्ये, रेल्वेच्या जुन्या स्लीपरच्या बाकावर त्यानं मला चार बोल्टांनी घट्ट बसवलं. शेडची खिडकी स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर होती. त्यामुळे त्या घरातलं बोलणं, भांडण आणि भाजल्या मिरच्यांचा ठसका, सगळं माझ्यापर्यंत येत असे.

फिदेन्सिओचे तीन नियम होते. बाकावर एका वेळी दारूचा एकच डबा. काम सोडून उठताना मापटं रिकामं करून दारू त्याच डब्यात परत. आणि मापट्यात कुठली दारू आहे हे छातीठोकपणे सांगता येत नसेल, तर ती मिरच्यांना. या दारूत नत्र असतं. मोकळ्या मातीत पातळ विखरून टाकली की ती हळूहळू विरते आणि थोडंफार खताचं काम करते. पण चुकीची दारू काडतुसात गेली, तर बंदुकीची नळी माणसाच्या तोंडाशी फुटू शकते. म्हणून तिसऱ्या नियमावर त्या शेडमध्ये वाद चालत नसे.

आता तुम्ही विचाराल, एवढी काडतुसं कशाला? तर दर उन्हाळ्यात आग्वा मान्सा आणि शेजारचं लास तुसास या दोन गावांची नेमबाजी होते. पोलादी पत्र्यातून कापलेली जनावरं डोंगरउतारावर रांगेनं उभी करतात. जवळ कोंबड्या, त्यामागे डुकरं, मग टर्की, आणि सगळ्यांत लांब, अर्ध्या किलोमीटरवर, मेंढे. उभं राहून, बंदूक कशावरही न टेकता त्यांना पाडायचं. नियम सोपा आणि क्रूर आहे. जनावर नुसतं वाजून उपयोग नाही, आडवं व्हायला हवं. मेंढा जड असतो. त्याला गोळी लागते, टण्णकन आवाज येतो, तो डुलतो आणि कधीकधी पुन्हा नीट उभा राहतो. मग अख्खं मैदान सुस्कारा टाकतं.

फिदेन्सिओ तेव्हा जिंकत असे आणि जिंकलेला माणूस जसा बोलतो तसा बोलत असे. एके दिवशी लास तुसासचा आमादेओ लेदू शेडमध्ये उपड्या बादलीवर बसून माझ्याकडे बघत होता. आमादेओ हा नुसता प्रतिस्पर्धी नव्हता. फिदेन्सिओच्या मुलीचा, नीवेसचा, तो धर्मपिता. बाप्तिस्म्याच्या वेळी तिला त्यानंच हातांवर धरलं होतं.

"या वर्षी मेंढे माझे," आमादेओ म्हणाला.

"तुझ्या गोळीला मेंढे ओळखतात. बाजूनं जाते म्हणून तिला रामराम करतात."

"मग लाव काहीतरी. नुसतं तोंड काय चालवतोस?"

फिदेन्सिओनं खिडकीतून स्वयंपाकघराकडे पाहिलं. चुलीवर त्याच्या आईचा तवा होता, जाड, काळाकुळकुळीत, ओतीव लोखंडाचा. लग्नात तो फिदेन्सिओच्या बायकोच्या, लिब्राडाच्या हाती आला होता. "मी हरलो तर तो तवा ने," फिदेन्सिओ म्हणाला.

"लिब्राडाला विचारलंस?"

"तवा माझ्या आईचा आहे."

"आणि तोर्तिया कोण भाजतं, तुझी आई?" आमादेओ हसत उठला. "बरं बाबा. आणतो पिशवी."

त्या वर्षी फिदेन्सिओचा शेवटचा मेंढा वाजला, डुलला आणि उभा राहिला. तवा गेला. लिब्राडानं आदळआपट केली नाही. तिनं बाजारातून पत्र्याचा तवा आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली तोर्तिया, म्हणजे तिकडची पोळी, करपली, तेव्हा ती खिडकीतून शेडकडे बघून एकच शब्द बोलली, "पातळ." मित्रांनो, त्यानंतर रोज सकाळी मी तो शब्द ऐकला. कधी नुसताच, कधी उसाशासकट. शेडमध्ये फिदेन्सिओचे खांदे प्रत्येक वेळी थोडे खाली यायचे.

तेव्हापासून तो तवाच स्पर्धेचं बक्षीस झाला. दर उन्हाळ्यात फिदेन्सिओ त्याच्यासाठी गेला आणि रिकाम्या हातानं आला. मलाही तो तवा हवा होता. मी ओतीव लोखंडाचा, तोही ओतीव लोखंडाचा. मी त्याला मनातल्या मनात भाऊ म्हणत असे.

मग फिदेन्सिओच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आधी लांबचे मेंढे धूसर झाले, मग जवळच्या कोंबड्या. त्यानं बंदूक फडताळात ठेवली आणि शेडचं दार ओढून घेतलं. मला गंज चढला. दांडा अर्ध्यावर अडकू लागला. एका तांबड्या कोंबडीनं माझ्या पायाशी गवत जमवून अंडी घालायला सुरुवात केली. ती चांगली होती, पण तिला बोलता येत नव्हतं आणि मला हलता येत नव्हतं. त्या दिवसांबद्दल मी जास्त सांगणार नाही.

एका सकाळी स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला, "पातळ" ऐकू आलं, आणि त्यामागून खुर्ची मागे सरकल्याचा आवाज.

"बास झालं आई," नीवेस म्हणाली. "मी जाते तो तवा आणायला."

नीवेस आता मोठी बाई झाली होती. डोंगरातल्या वळणांवरून शाळेची बस चालवायची. तिचे हात स्थिर होते, कारण थरथरणाऱ्या हातांनी त्या रस्त्यावर कुणी बस चालवू शकत नाही. तिनं शेडचं दार उघडलं, कोंबडीची माफी मागून तिला उचललं आणि मला रॉकेलनं घासायला घेतलं. गंज गेला. सांध्यांत तेल गेलं. दांडा खाली गेला, वर आला. टक्. दारात उभ्या असलेल्या फिदेन्सिओनं मान कलती करून ऐकलं.

"आवाज अजून चांगला आहे," तो म्हणाला.

नीवेस दोन वर्षं शिकली. फिदेन्सिओ बादलीवर बसून सांगायचा आणि ती करायची. चुकली की तो म्हणायचा, "बसचा ब्रेक नव्हे तो, हळू." ती म्हणायची, "बसमध्ये निदान पोरं गप्प बसतात." मैदानावर दुर्बिणीतून गोळी कुठे लागली ते सांगणारा जोडीदार लागतो. ते काम लिब्राडानं घेतलं. ती दुर्बिणीला डोळा लावून भाजीवाल्याशी बोलावं तशी बोलायची, "खाली. अजून खाली. तिथे मेंढा नाही, झुडूप आहे."

आणि तिसऱ्या वर्षी, म्हणजे याच उन्हाळ्यात, नीवेस इतकी चांगली झाली की लास तुसासची माणसं वाटेत तिची बस थांबवून सरावाची चौकशी करू लागली.

आता खरी गोष्ट. या वर्षी दुकानांत दारूचा खडखडाट होता. आमच्याकडे दोन डबे होते, दोन्ही एकाच आकाराचे, दोन्हींत करड्या रंगाचे बारीक कण. एक लाल झाकणाच्या डब्यातली, नीवेसच्या मोठ्या बंदुकीला चालणारी सावकाश जळणारी दारू, तळाशी थोडीच उरलेली. दुसरी फिदेन्सिओच्या छोट्या बंदुकीची, झटकन जळणारी. कोंबड्या, डुकरं आणि टर्की यांच्यापुरती काडतुसं आठवडाभरात भरून झाली होती. मेंढ्यांची तेवढी राहिली होती. शनिवारी दुपारी नीवेसनं पुंगळ्या आवळल्या, नव्या टोप्या बसवल्या, लाल झाकणाच्या डब्यातली उरलेली सगळी दारू मापट्यात ओतली, एक माप तराजूवर तोलून पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. रविवारी स्पर्धा होती.

तेवढ्यात फाटकापाशी गाडीचा भोंगा वाजला. पाटकरी सिप्रियानो होता.

"तुमची पाळी," तो ओरडला. "वरच्यांचं लवकर आटपलं. आत्ता घेणार की खालच्यांना देऊ?"

आमच्या दरीत पाटाचं पाणी पाळीनं येतं. पाळी चुकली की पुढची कधी, ते पाटकऱ्याच्या मनावर. घरात कुणी जेवत असो, आजारी असो, पाणी आलं की फावडं घेऊन पळायचं. नीवेस पळाली. मापट्यातली दारू तशीच राहिली.

आणि मग, मित्रांनो, मी जे पाहिलं ते पाहून माझ्या लोखंडातून शिरशिरी गेली. फिदेन्सिओ आत आला. मुलीचं काम खोळंबलं, आपण थोडा हातभार लावावा, असं त्याच्या मनात आलं. त्यानं मापट्यावर हात फिरवला, ते पूर्ण भरलेलं नाही हे त्याला कळलं. त्यानं फळीवर चाचपडून एक डबा काढला, झाकण उघडलं, उरलेली जागा भरेपर्यंत ओतलं आणि बोटानं ढवळून सारखं केलं. तो दुसरा डबा होता. छोट्या बंदुकीचा. मी तिथे होतो, सगळं पाहत होतो, आणि माझ्याकडे तोंड नाही. फिदेन्सिओनं डबा परत ठेवला, माझ्या दांड्यावर प्रेमानं थाप मारली आणि निघून गेला.

ऊन कलायला लागल्यावर नीवेस परत आली, गुडघ्यापर्यंत चिखलात. हात धुतले, स्टूल ओढलं, पुंगळी ठेवली. तिचा हात दांड्यावर आला. मी मनात म्हणत होतो, तोल, आधी तोल. काम मध्येच सोडून परत आलं की पहिलं माप तराजूवर टाकायचं, हे तिला तिच्या बापानंच शिकवलं होतं. तिनं दांडा सोडला आणि मापट्यातलं एक माप तराजूच्या पारड्यात पाडलं.

पारडं दुपारी जिथे थांबलं होतं तिथे थांबलं नाही. खाली गेलं.

तिनं पुन्हा तोललं. पुन्हा खाली. माप तेवढंच होतं, वजन मात्र जास्त. म्हणजे कण बदलले होते.  तिनं खिडकीतून हाक मारली, "बाबा, मापट्याला कुणी हात लावला का?"

"मी थोडी भर घातली," फिदेन्सिओ दारात येऊन म्हणाला. "लाल झाकणाच्या डब्यातली. तुझीच."

नीवेसनं फळीवरचे दोन्ही डबे खाली घेतले आणि त्याच्यासमोर धरले. "यातला लाल कुठला?"

फिदेन्सिओनं डोळे बारीक केले. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. कुठेतरी ती तांबडी कोंबडी कुरकुरत होती. "दोन्ही करडेच आहेत," तो शेवटी म्हणाला.

तिनं डबे खाली ठेवले. आपल्याला रंगही दिसेनासे झालेत हे बापानं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. तोंड धुताना, जेवताना, दार उघडताना तो सवयीनं निभावून नेत होता.

"बहुतेक थोडीच पडली असेल," नीवेस म्हणाली. "वरवरची काढून टाकली तर खालची माझीच निघेल."

"बहुतेक म्हणजे किती?"

"बाबा, दुसरी दारू नाही आपल्याकडे. उद्या मेंढ्यांना काय दगड मारू?"

"मापटं काढ," फिदेन्सिओ म्हणाला.  "तवा मी घालवला तो घालवला. त्यासाठी तुझं तोंड पणाला लावणार नाही. मिरच्यांना टाक."

लिब्राडा मागे येऊन उभी होती. तिनं मापटं स्वतः उचललं, वाफ्यांकडे गेली आणि पेरणी करावी तशी सगळी दारू मूठमूठ करून मिरच्यांच्या ओळींत विखरली. नीवेस तिच्यामागून दाताळ्यानं माती ओढत गेली.  परत येऊन लिब्राडानं हात झटकले आणि माझ्याकडे बोट केलं.

"याचे बोल्ट काढा. हा उद्या आपल्याबरोबर येतोय. मैदानावर कुणाकडे तरी त्या जातीची दारू असेल."

मित्रांनो, बसवल्यापासून मी त्या बाकावरून हललो नव्हतो. रविवारी सकाळी मी ट्रकच्या मागच्या फळीवर शिकंज्यांनी आवळलेला होतो, वारा माझ्या अंगावरून वाहत होता आणि डोंगर मागे पळत होते. मला वाटलं, माझं डोकं आपोआप फिरू लागेल.

मैदानावर नीवेसनं आधी दारूची चौकशी केली, सिप्रियानोला तर कालचं सगळं सांगितलं. याच्याकडे नाही, त्याच्याकडे नाही. कोंबड्या सुरू झाल्या. मला नुसतं ऐकू येत होतं, कारण ट्रकची मागची बाजू मेंढ्यांकडे नव्हे, रस्त्याकडे होती. कोंबड्या पडल्या. डुकरं पडली. टर्कीत नीवेस घसरली आणि आमादेओ पुढे गेला. जेवणाची सुट्टी झाली, तेव्हा तिच्या पट्ट्यात एकही काडतूस उरलं नव्हतं.

आमादेओ आमच्या ट्रकपाशी आला. त्याच्या बगलेत एक डबा होता, कारखान्याचं सील न फोडलेला. नीवेसला लागणाऱ्या जातीचा.

"ऐकलं मी, काल काय झालं ते," तो म्हणाला.

"सिप्रियानोला पोटात काही ठेवता येत नाही," लिब्राडा म्हणाली.

"घे गं पोरी."

नीवेसनं डब्याच्या सीलवरून अंगठा फिरवला. "काका, तुमच्याच दारूनं तुम्हाला हरवू?"

"हरवशील तेव्हा बघू. पण तू मेंढ्यांवर बारच केला नाहीस, तर हा तुझा बाप मरेपर्यंत सांगत फिरेल की दारू नव्हती म्हणून हरलो. मला रोज ते ऐकायचं नाहीये."

"आणि तवा?" लिब्राडानं विचारलं.

"तवा माझ्या घरी सुखात आहे."

"तो माझा आहे. तुझ्याकडे राहायला गेलाय."

आमादेओ हसला आणि डबा फळीवर ठेवून गेला.

आणि मग काय धमाल उडाली म्हणून सांगू. फिदेन्सिओनं नीवेसला डब्यावरचं नाव मोठ्यानं वाचायला लावलं, मग पुन्हा वाचायला लावलं, मग फळीवर दुसरा डबा नाही ना ते हातानं चाचपून पाहिलं. काल आवळून, टोप्या बसवून ठेवलेल्या पुंगळ्या रांगेत उभ्या राहिल्या. वारा सुटला होता आणि वाऱ्यात तराजू झुलतो. म्हणून लिब्राडा तराजू घेऊन ट्रकच्या केबिनमध्ये बसली, काचा वर केल्या आणि आत घामाघूम होत एकेक माप तोलू लागली. बारीक वाटीत दारू यायची, नीवेस नरसाळ्यानं पुंगळीत घालायची. फिदेन्सिओ माझं डोकं फिरवायचा. त्याला दिसत नव्हतं, पण प्रत्येक खाच बोटांना पाठ होती. टक्, फिर, टक्. दोन्ही गावांची माणसं हातात ताटल्या घेऊन भोवती जमली होती. लास तुसासच्या एका म्हाताऱ्यानं तर लिब्राडाला खिडकीच्या फटीतून पाणी दिलं. गोळ्या बसवण्याआधी नीवेसनं टॉर्च घेऊन प्रत्येक पुंगळीत डोकावून पाहिलं. सगळ्यांत दारूची पातळी सारखी. मग शेवटचा साचा, शेवटचे दाब. भरलेली काडतुसं पितळी दिव्यांसारखी चमकत होती. मी गरम झालो होतो, उन्हानं आणि अभिमानानं.

मेंढ्यांची फेरी सुरू झाली. आमादेओचे बार आधी झाले. पाच-पाच मेंढ्यांच्या दोन रांगांपैकी पहिलीत नीवेसनं त्याला गाठत आणलं. आता शेवटची रांग उरली. पाचातले चार पाडले तर तवा आपला.

लिब्राडा दुर्बिणीपाशी गेली. फिदेन्सिओ मात्र ट्रकपाशीच राहिला, माझ्या दांड्यावर हात ठेवून. त्याला मेंढे दिसत नव्हते आणि माझं तोंड रस्त्याकडे. आम्ही दोघं नुसते कान होतो.

बार. इतक्या लांबून लोखंडाचा आवाज यायला दोन सेकंद तरी लागतात. टण्ण.

"पडला," लिब्राडाचा आवाज.

बार. टण्ण. "पडला."

बार. टण्ण. मग जरा थांबून, "वाजला. उभाच."

मागे कुणीतरी सुस्कारा टाकला. माझ्या दांड्यावरचा हात घट्ट झाला.

बार. टण्ण. "पडला. वारा उजवीकडून आहे, बाई, घाई करू नकोस."

नीवेसनं घाई केली नाही. इतका वेळ लावला की जवळ उभा असलेला सिप्रियानो श्वास घ्यायचं विसरला. मग बार झाला.

एक. दोन. टण्ण.

लिब्राडा बोलली नाही.

मित्रांनो, तुम्ही कधी असं थांबला आहात का? लागला होता हे कळलं होतं. पडला की नाही हे आवाजात नसतं. फिदेन्सिओचा तळवा ओला झाला होता, तो ओलावा माझ्या लोखंडाला लागत होता. तो कुजबुजला, "पडला का?" मला विचारलं त्यानं. मला. आणि मी पाठमोरा.

मग मागून, तीच रोज सकाळची बाई, त्याच शांत आवाजात म्हणाली, "फिदेन्सिओ, गाडीत तव्याला जागा कर."

पुढचं मला नीट आठवत नाही, कारण फिदेन्सिओनं मला मिठी मारली होती आणि त्याच्या डोक्यावरची टोपी माझ्या साच्यांवर आली होती.

संध्याकाळी आमादेओ आणि त्याची बायको ऑर्लिंडा तवा घेऊन आमच्या घरी आले. लिब्राडानं तो चुलीवर ठेवण्याआधी उजेडात धरून पाहिला. मीही ट्रकवरून पाहिला. मला वाटलं होतं, परक्या घरी एवढी वर्षं राहून तो माझ्यासारखाच गंजला असेल. पण तो आरशासारखा काळा होता, एक ठिपका नव्हता.

"रोज वापरलास," लिब्राडा म्हणाली.

"नाहीतर काय टांगून ठेवू? गंजला असता, मग तू मला बोलली असतीस."

पहिली तोर्तिया फुगली, सुटली, करपली नाही. लिब्राडानं ती कपड्यात गुंडाळून ऑर्लिंडाच्या हातावर ठेवली. दुसरी आमादेओला. तिसरी फिदेन्सिओला, आणि त्याच्या कानाशी वाकून ती म्हणाली, "सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. आता लपवलंस तर तुलाच लावीन पैजेवर."

डोळ्याचं काम झालं. परवा फिदेन्सिओ शेडमध्ये आला, फळीवरच्या डब्यांकडे पाहिलं आणि लाल झाकणाचा उचलून मला दाखवला, जणू मीच शंका घेतली होती. बाहेर त्या ओळींतल्या मिरच्या दाट, काळ्याहिरव्या झाल्या होत्या. सिप्रियानो म्हणतो ते पाण्याच्या पाळीमुळे, नीवेस म्हणते दारूमुळे, त्यांचा वाद अजून चालू आहे. पहिल्या तोडणीचं पोतं आमादेओकडे गेलं. त्या मिरच्या भाजायला तवा लागणार, म्हणून तवाही आठवडाभर गेला. लिब्राडानं स्वतः दिला.

मी आता पुन्हा बाकावर आहे, चार बोल्टांनी पक्का. तेव्हा मित्रांनो, जाता जाता या लोखंडी म्हाताऱ्याचं एवढं ऐका. तुमच्या घरातही माझ्यासारखं कुणीतरी दाराआड पडलेलं असेल, एखादं शिवणयंत्र, एखादा रंधा, एखादी सायकल. त्याला तेल द्या आणि कामाला लावा. माझा भाऊ रोज तापला म्हणून चमकत राहिला, मी स्वस्थ बसलो म्हणून गंजलो. आणि कामावरून उठताना मागे काय ठेवून चाललोय ते एकदा बघा. कधीकधी पाटकरी भोंगा वाजवतो, पळावंच लागतं. पण परत आलात की दांडा ओढण्याआधी तोला.

नीवेस आली वाटतं. फावडं भिंतीला टेकवलं. हात धुतले. मापटं तपासतेय, रिकामं आहे. चला, माझं डोकं फिरायची वेळ झाली.